खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय? फिजिओथेरपीने ते कसं आटोक्यात आणायचं

ज्या कुशीवर झोपावं ती बाजू दुखते, म्हणून दुसऱ्या कुशीवर वळावं तर वरचा पाय पुढे घसरतो आणि थोड्या वेळाने तीच दुखरी बाजू परत ठणकायला लागते, मग उताणं, मग परत कूस, असं करत पहाटेचे तीन वाजतात. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत, जिना चढताना कळ, रिक्षातून उतरताना कळ, बराच वेळ बसून उठलं की कळ. आणि गंमत म्हणजे दोन-चार मिनिटं चाललं की जरा सुटल्यासारखं वाटतं. हे वर्णन तुमचं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मी पुण्यात फिजिओथेरपी करते आणि चाळिशी-पन्नाशीच्या बायका हे दुखणं घेऊन सारख्या येत असतात. पुरुषांनाही होतं, धावणाऱ्यांनाही होतं, पण बायकांमध्ये जास्त, आणि पाळी जायच्या आसपास व त्यानंतर अजून जास्त. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आधी 'सायटिका आहे' म्हणून कमरेचा पट्टा बांधून हिंडलेल्या असतात, नाहीतर 'आता वय झालं, चालायचंच' म्हणून महिनोन्महिने बाम चोळत बसलेल्या असतात. खरं सांगायचं तर हे दुखणं चिवट आहे पण असाध्य अजिबात नाही, फक्त त्याला जे हवंय ते सोडून बाकी सगळं आपण करत असतो.

आधी जागा समजून घ्या. उभं राहून तळहात कमरेच्या खाली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा आणि पाय आत-बाहेर फिरवा, तळहाताखाली एक टणक हाड फिरताना लागेल. ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक. ढुंगणाच्या बाजूचे दोन स्नायू, ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस, आपापल्या टेंडनने, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीने, तिथे चिकटलेले असतात. आपण एका पायावर आलो की कंबर दुसऱ्या बाजूला लटकू नये म्हणून हेच दोघं धरून ठेवतात, म्हणजे चालताना प्रत्येक पावलाला यांना ड्युटी. त्यांच्यावरून आयटी बँड नावाचा जाड पट्टा गुडघ्यापर्यंत जातो, आणि मध्ये बर्सा म्हणजे पाण्याच्या छोट्या पिशव्या असतात. पूर्वी सरसकट त्या पिशवीलाच सूज आली म्हणायचे, रिपोर्टवर अजूनही कधीकधी 'ट्रोकँटरिक बर्सायटिस' असं लिहून येतं, पण सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये बघायला लागल्यावर कळलं की बहुतेकांची मूळ गडबड टेंडनमध्ये असते, पिशवी सुजलीच तर सोबत म्हणून सुजते. म्हणून हल्ली फाइलवर जीटीपीएस (ग्रेटर ट्रोकँटरिक पेन सिंड्रोम, म्हणजे त्या टणक हाडाभोवतीचं दुखणं) किंवा ग्लुटियल टेंडिनोपॅथी (या टेंडनचा बिघाड) लिहिलेलं दिसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, हा कळला की पुढचं अर्धं आपोआप कळेल. पाय शरीराच्या मधल्या रेषेकडे किंवा तिच्याही पलीकडे गेला, किंवा कंबर एका बाजूला लटकली, की तो वरचा पट्टा घट्ट होतो आणि टेंडनला हाडावर दाबतो. विहिरीच्या काठावरून ओढलेला दोर जसा नुसत्या वजनाने तुटत नाही, काठावर दाबून घासला की तिथेच विरतो, तसं हे. म्हणजे टेंडनला त्रास होतो तो ओढ आणि दाब दोन्ही एकदम आले की. आणि टेंडन मुळात कमकुवत झालेलं असतं, कारण एक तर त्याला पुरेसं काम मिळालेलं नसतं किंवा एकदम भलतंच काम मिळालेलं असतं. वर्षभर ऑफिसात बसून पालखी आली की आळंदी ते पुणे चालणारे, किंवा मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज १०,००० पावलांचं चॅलेंज सुरू झालं म्हणून पहिल्याच आठवड्यात तळजाईची टेकडी गाठणारे, यांच्यात हे हमखास बघायला मिळतं.

हे तेच आहे का, घरी कसं बघायचं

अंगठ्याने त्या टणक हाडावर आणि त्याच्या मागच्या कडेला दाबून बघा. "आई गं" निघालं आणि दुसऱ्या बाजूला तेवढं दाबून काही झालं नाही, तर संशय घ्यायला जागा आहे. मग ओट्याजवळ उभं राहा, ओट्याला फक्त एक बोट टेकवा आणि दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहा, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून मागे उचललेला. तेवढ्या वेळात बाहेरच्या बाजूची तीच ओळखीची कळ आली तर संशय बराच पक्का. वयस्कर असाल, तोल जात असेल तर हे एकट्याने करू नका, कुणीतरी शेजारी हवं.

तिसरी गोष्ट मोजे-बुटांची. दुखरा पाय उचलून मोजा घालायला, नखं कापायला त्रास होतोय का? होत असेल आणि दुखणं जांघेत जाणवत असेल, तर बाहेरच्या टेंडनपेक्षा खुब्याच्या सांध्याचीच झीज असण्याची शक्यता जास्त, तिथे उपचाराची दिशा बदलते. टेंडनवाल्या माणसाला मोजे घालता येतात सहसा, त्याची बोंब झोपण्याची आणि जिन्याची असते. दुखणं मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरू शकतं त्यामुळे घाबरू नका, पण गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत मुंग्या, बधिरपणा असेल तर कंबर तपासून घ्या.

आणि काही वेळा हे लेख वगैरे बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जायचं. पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही (साठीच्या पुढे, हाडं ठिसूळ असतील तर साध्या बाथरूममधल्या पडण्यानेही खुब्याचं हाड मोडतं), ताप आहे, वजन विनाकारण उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, रात्री कुठल्याही अंगावर झोपलं तरी दुखणं थांबतच नाही, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेलाय. जांघेत दुखतंय आणि पूर्वी बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या आहेत, तर एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड खराब होणं) आहे का ते बघण्यासाठी एमआरआय लागू शकतो. बाकी साध्या, ठरावीक लक्षणांत एमआरआयची घाई नको, कारण चाळिशीनंतर काही न दुखणाऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्येही टेंडन खराब दिसू शकतं आणि मग माणूस रिपोर्ट वाचूनच आजारी पडतो.

पहिला उपचार: दाब काढा

लोक व्यायामाचा कागद मागतात आणि हा भाग ऐकून सोडून देतात. माझं मत स्पष्ट आहे, रात्रीचे सात तास आणि दिवसाचं उभं राहणं सुधारलं नाही तर वीस मिनिटांचा व्यायाम काय करणार?

झोप. दुखऱ्या कुशीवर झोपणं काही आठवडे बंद. उताणं झोपता आलं तर उत्तम, गुडघ्यांखाली एक उशी घेतली की कंबरही सैल पडते. कूस लागतेच म्हणत असाल तर चांगली बाजू खाली, आणि दोन पायांच्या मध्ये उशी, पण ती डोक्याची चपटी उशी नाही चालत, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आख्खा वरचा पाय तिच्यावर आडवा राहिला पाहिजे. दिवाणावरचा लोड मस्त चालतो. नाहीतर गोधडीची जाड घडी करा, दोन ठिकाणी ओढणीने बांधा म्हणजे रात्री सुटत नाही. घरात कापसाची गादी जुनी होऊन दगड झाली असेल तर वर एक-दोन रजया अंथरा, खालच्या खुब्यालाही टोचणार नाही. आणि दुपारची वामकुक्षी! ती डाव्या कुशीवरच घ्यायची असते हे मान्य, पण डावा खुबा दुखत असेल तर सध्या उताणी घ्या, दुकान एक ते चार बंद ठेवायला आपली हरकत नाही.

उभं राहणं. एका पायावर भार टाकून कंबर बाहेर काढून उभं राहायची सवय आपल्याला कळतही नाही. ओट्यापाशी, बँकेच्या रांगेत, दगडूशेठच्या रांगेत, लिफ्टची वाट बघत. दोन्ही पायांवर सारखा भार, पायांत खुब्याएवढं अंतर, बस.

यात सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मूल कडेवर घेणं. एक आजी यायच्या, डावा खुबा दुखायचा, दोन महिने शेक घेऊन झालेला, फरक शून्य. म्हटलं आजी, नातवाला कसं घेता ते दाखवा. सोबत आणलेलाच होता. त्यांनी पटकन डावी कंबर बाहेर काढली, त्याला त्यावर बसवलं, आणि उजव्या हाताने हवेत पोळी उलटून दाखवली. सगळा भार डाव्या पायावर, वर बारा किलोचा नातू. मी म्हटलं, अहो दुखणं इथेच आहे. "अगं पण खाली ठेवला की रडतो ना." शेवटी असं ठरलं की पोळ्या होईपर्यंत आजोबांनी त्याला गॅलरीत घेऊन बसायचं, आणि आजींनी उचलायचंच असेल तर पोटाशी, समोर धरून, दोन्ही पायांवर उभं राहून. व्यायाम पहिल्या आठवड्यात मी त्यांना फार काही दिलाच नव्हता, तरी रात्रीची झोप सुधारली.

बसणं. मांडीवर मांडी टाकून बसायचं नाही, गुडघे एकमेकांना चिकटवून तर अजिबात नाही. पूजेला, हळदीकुंकवाला दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसतात तेही टाळा. साधी मांडी घालून बसणं काहींना चालतं, पण उठताना कळ येत असेल तर तेवढे दिवस खुर्ची. खुर्ची सोफ्यासारखी खोल नको, गुडघे खुब्याच्या वर गेले की त्रास, त्यामुळे खाली एक घट्ट उशी घालून उंच करा. गाडीतल्या सीटलाही तेच. उठताना पाय थोडे लांब ठेवा, ढुंगण आवळा, उठा, एक क्षण थांबा आणि मग पाऊल टाका, पहिल्या पावलांची कळ यानेच बरीच कमी होते.

दुचाकी, कारण पुण्यात तिच्याशिवाय कुणाचं काय होतं. सिग्नलला गाडी एका बाजूला कलती करून एकाच पायावर तोलून उभं राहतो ना, त्यात तोच खुबा दाबला जातो, आणि सिग्नल कर्वे रोडचे असतील तर दाब भरपूर वेळ. दोन्ही पाय टेकतील अशी गाडी असेल तर दोन्ही टेकवा. मेन स्टँडवर गाडी ओढायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या, आणि टांग टाकून बसण्याऐवजी स्कूटरला पुढून पाय आत घ्या.

चालणं बंद करू नका पण त्याचे तुकडे करा. एका दमात तासभर चालण्यापेक्षा सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, सपाटीवर. पर्वती, सिंहगड, वेताळ टेकडी सध्या रजेवर. रस्त्याच्या कडेला उतार असतो तिथून रोज एकाच बाजूने चालू नका, आणि पावलं एका रेषेत एकापुढे एक टाकायची काहींना सवय असते, त्यांनी पावलांत चार बोटं अंतर वाढवायचं. लंगडणं फार असेल तर काठी घ्यायला लाजू नका, पण ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. जिन्याला कठडा धरून, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

आता स्ट्रेचिंग. इथे माझी घरोघरी भांडणं होतात. यूट्यूबवर 'खुबा दुखतो' टाकलं की पहिले पाच व्हिडिओ पाय छातीकडे आडवा ओढा, आयटी बँड ताणा, असेच. पाय आडवा ओढला की वर सांगितलं तेच होतं, टेंडन हाडावर दाबलं जातं. त्या वेळी बरं वाटतं हे खरंय, रात्री वसूल होतं. योगवर्गाला जात असाल तर गोमुखासन, गरुडासन, अर्धमत्स्येंद्रासन आणि पाय आडवे जाणारं जे काही आहे ते सध्या सोडा, सरांना सांगून ठेवा, बाकीचं करा. फोम रोलर त्या हाडावर फिरवणं, किंवा कुणाकडून तिथे दणादण मालिश करून घेणं, तेही नको. शेक घ्या, बर्फ लावा, जे तुम्हाला बरं वाटेल ते, त्याने टेंडन दुरुस्त होत नाही पण झोप लागते.

व्यायाम

सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस न हलता करायचे व्यायाम. उताणं झोपा, गुडघे वाकवा, पाय खुब्याएवढे लांब. गुडघ्यांच्या जरा वर ओढणी किंवा बेल्ट असा बांधा की पाय अजून लांब जाणार नाहीत. आता दोन्ही मांड्या हळूच बाहेर दाबा, इतक्या हळू की बघणाऱ्याला काही दिसू नये, तुमच्या पूर्ण ताकदीच्या पाव भागाएवढा जोर. १० ते १५ सेकंद धरा, सोडा, असं पाच ते दहा वेळा, दिवसातून दोनदा. जोर लावून ओढणी फाडायची स्पर्धा नाही, जास्त जोर लावला की मांडीचा पुढचा स्नायू काम ढापतो आणि ज्याला काम द्यायचंय तो झोपून राहतो. ढुंगणाच्या बाजूला बोटं ठेवून बघा, तिथे घट्ट झालेलं लागलं पाहिजे. हेच उभं राहून: पाय लांब ठेवून, जमीन दोन्ही पायांनी दोन बाजूंना फाकवतोय असा नुसता विचार करायचा, पाय हलवायचे नाहीत. ऑफिसात करता येतं, कुणाला कळत नाही.

याच सुमारास ब्रिजिंग सुरू करा. उताणं, गुडघे वाकवलेले, ढुंगण आवळून कंबर हळू वर, हळू खाली, वर जायला तीन सेकंद आणि खाली यायला तीन. दहा वेळा. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा ढुंगणाच्या जरा जवळ घ्या. कमरेत दुखत असेल तर तुम्ही जास्त वर जाताय. हे सोपं झालं की एका पायावर जास्त भार, दुसऱ्याची फक्त टाच टेकलेली, आणि बऱ्याच दिवसांनी एका पायावर पूर्ण.

मग खुर्ची. खुर्चीच्या पुढे उभं राहून हळू बसायला जा, टेकलं न टेकलं की उठा. आठ-दहा वेळा. गुडघे आत कोसळता कामा नयेत. हे जमलं की सगळ्यात उपयोगाचा आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने केला जाणारा व्यायाम, एका पायावरचा. कपाटाच्या आरशासमोर उभं राहा आणि ट्रॅकपँटच्या इलॅस्टिककडे बघा. दुखऱ्या पायावर भार घ्या, दुसरा पाय जेमतेम जमिनीवरून सुटेल एवढा उचला. इलॅस्टिक आडवंच राहिलं पाहिजे. ते एका बाजूला तिरकं झालं, किंवा ते सरळ ठेवायला तुमचे खांदे वाकडे झाले, की थांबा, तेवढीच तुमची आजची ताकद. हात भिंतीला टेकवा आणि परत करा. माझ्याकडे लोक इथे सगळ्यात जास्त कंटाळतात आणि मी इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण जिना काय, चालणं काय, शेवटी एका पायावर कंबर सरळ ठेवण्याचाच खेळ आहे. पुढे हेच एका पायरीवर: दुखरा पाय पायरीवर, हळू वर, त्याहून हळू खाली.

साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) गुडघ्यांच्या वर बांधून बाजूला पावलं टाकायची. गुडघे किंचित वाकवून एका बाजूला पाच पावलं, परत पाच पावलं, आणि आत येणारा पाय दुसऱ्याला चिकटू द्यायचा नाही, अंतर ठेवून थांबायचं. हा जड व्यायाम, त्यामुळे रोज नाही, एक दिवसाआड. टेंडनला जड काम आणि मग विश्रांती असं लागतं.

कुशीवर झोपून पाय वर उचलायचा तो प्रसिद्ध व्यायाम आणि क्लॅमशेल (कुशीवर गुडघे वाकवून, टाचा जोडलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडायचा तो), हे सुरुवातीला मी देत नाही, दिलेच तर मध्ये उशी ठेवून, पाय उशीच्या खाली जाणार नाही असे. व्यायाम दोन्ही बाजूंनी करा, एक बाजू दुखते तेव्हा दुसरीवर भार आलेलाच असतो.

किती दुखलं तर चालेल, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही असं धरा, व्यायाम करताना तीन-चारपर्यंत चालेल. पण खरी परीक्षा त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी. रात्री जास्त ठणकलं किंवा सकाळी पहिली पावलं कालच्यापेक्षा वाईट असतील तर काल जास्त झालं, संख्या निम्मी करा, व्यायाम बंद करू नका. एका छोट्या वहीत रोज रात्रीचं दुखणं शून्य ते दहा आकड्यात लिहा, कारण सुधारणा इतकी हळू होते की लक्षात राहत नाही आणि माणूस म्हणतो काहीच फरक नाही, वही मात्र सातवरून चारवर आलेली असते.

फिजिओकडे काय करून घ्यायचं, आणि इंजेक्शनचं काय

फिजिओने तुम्हाला चालवून बघितलं पाहिजे, एका पायावर उभं करून बघितलं पाहिजे, झोपता कसं, बसता कसं हे विचारलं पाहिजे आणि कंबर व खुब्याचा सांधा तपासून बाजूला काढला पाहिजे. नुसतं पलंगावर झोपवून आयएफटी (विजेच्या सौम्य करंटचं) किंवा अल्ट्रासाउंडचं मशीन लावून, "दहा दिवस या" एवढंच होत असेल तर विचारा की व्यायाम कधी. मशीनच्या विरोधात मी नाही, माझ्याकडेही आहे, फार दुखणाऱ्या माणसाला चार दिवस बरं वाटतं, पण त्याच्यावर आख्खा उपचार उभा करता येत नाही. शॉकवेव्हचा, म्हणजे दुखऱ्या जागी मशीनने धक्क्याच्या लहरी देण्याचा, काहींना उपयोग होतो, तोही व्यायामाच्या जोडीला. आपल्याकडे बीपीटीएच हा फिजिओथेरपीचा पदवी कोर्स आहे आणि राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी असते, ती आहे का हे विचारण्यात काही चूक नाही.

इंजेक्शनबद्दल जरा सविस्तर, कारण ऑर्थोकडे गेलं की तो पर्याय समोर येतोच. ऑस्ट्रेलियात एक चांगला अभ्यास झाला, २०१८ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०४ माणसं, तीन गट. एका गटाला सवयी कशा बदलायच्या ते शिकवलं आणि व्यायाम दिले, आठ आठवड्यांत १४ सेशन. दुसऱ्याला स्टिरॉइडचं एक इंजेक्शन. तिसऱ्याला सांगितलं, थांबा आणि बघा. आठ आठवड्यांनी 'चांगला फरक पडला' म्हणणारे पहिल्या गटात सुमारे ७७ टक्के, इंजेक्शनवाले ५८, थांबलेले २९. वर्षाने बघितलं तर व्यायामवाले ७९च्या आसपास टिकून, इंजेक्शनवाले ५८लाच, आणि काहीच न केलेलेही ५२ला पोचलेले. म्हणजे इंजेक्शन निरुपयोगी आहे असं नाही, दुखण्याच्या तीव्रतेत तर वर्षअखेर इंजेक्शन आणि व्यायाम यांच्यात फारसा फरक उरला नव्हता. पण बरं झाल्याचं समाधान व्यायामवाल्यांना जास्त, आणि सुईशिवाय. माझं मत असं की रात्रीची झोपच पूर्ण उडालेली असेल, व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून एखादं इंजेक्शन घ्या आणि त्या आरामाच्या दिवसांत व्यायाम पक्के करा. इंजेक्शन घेऊन दुखायचं थांबलं म्हणून लगेच सिंहगड चढायला जाणारे दोन महिन्यांत परत येतात. डायबेटिस असेल तर काही दिवस साखर वाढते, आधी सांगा. आणि दुखलं की इंजेक्शन, परत दुखलं की परत, हे टेंडनसाठी चांगलं नाही.

तीन महिने नीट, म्हणजे खरोखर नीट करूनही काहीच हललं नाही, किंवा चालताना कंबर एका बाजूला स्पष्ट पडतेय आणि पाय बाजूला उचलताच येत नाही, तर टेंडन फाटलंय का ते बघायला हवं, तिथे सोनोग्राफी-एमआरआय आणि ऑर्थोचं मत घ्या. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं.

टेकडीवर परत कधी

सपाटीवर चाळीस मिनिटं सलग चालून रात्री काही होत नाही, आणि दुखऱ्या पायावर ३० सेकंद इलॅस्टिक सरळ ठेवून उभं राहता येतं, हे दोन्ही झालं की जिने, मग सारसबागेपाशी असाल तर पर्वती, आणि तीसुद्धा पहिल्यांदा अर्ध्यापर्यंत, दुसरा दिवस सुट्टी. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, अंतर तरी किंवा चढ तरी. सिंहगडला चढण्यापेक्षा उतरताना जास्त भार पडतो, त्यामुळे पहिल्या वेळी चढून जा आणि खाली जीपने या, पिठलं-भाकरी खाल्ल्यावर तसंही कुणाला उतरायचं असतं. गणपतीत रात्रभर देखावे बघत हिंडणार असाल तर तो सगळा हिशोब एका रात्रीत उलटा होऊ शकतो, मध्ये बसायच्या जागा ठरवून ठेवा, गर्दीत थांबलात की पाय लांब, आणि दुसऱ्या दिवशी थेराबँडला सुट्टी.

दुखणं गेल्यावरही खुर्ची, पायरी आणि थेराबँड हे तीन आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, कारण सोडल्यावर चार-सहा महिन्यांनी परत येणारे बरेच असतात. परत आलं तर घाबरून सगळं बंद करायचं नाही, ओढणीवाल्या व्यायामापासून पुन्हा सुरू करायचं, दुसऱ्या वेळी सहसा लवकर आटपतं.